कोण आहात ते सांगू नका

आमच्या बस डेपोत त्याला सगळे टेस्टर म्हणत. लोक खिशाला पेन लावतात तसा त्याच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला असायचा. पगारपत्रकावर त्याचं नाव वेगळं होतं, पण ते आठवायला मलासुद्धा क्षणभर थांबावं लागायचं, आणि मी तर हजेरीच्या खिडकीवरचा कारकून. त्याचा हुद्दा वायरमन. दिवे, पंखे, भोंगा, फोन, साहेबांच्या टेबलावरची घंटा, जे जे तारेवर चालतं ते सगळं त्याच्याकडे. बोलणं बेताचं. विचारलं तर उत्तर, नाहीतर नुसतं हूं.

आईवडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला त्यानंच वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते त्याच गडबडीत. धाकट्याला शिकवलं, लायसन्स काढून दिलं, डेपोत ड्रायव्हर म्हणून चिकटवलं. धाकटा स्वभावानं अगदी उलटा. गाडी फाटकातून आत यायच्या आधी त्याचा आवाज आत यायचा. त्याचं लग्न झाल्यावर वहिनी दोघांना वेगवेगळे डबे द्यायची, तरी हे दोघे दुपारी एकाच झाकणात दोन्ही भाज्या ओतून जेवायला बसत.

एका सकाळी दहाच्या सुमाराला धाकट्याच्या गाडीखाली एक म्हातारा आला. उभ्या असलेल्या दोन ट्रकांच्या मधून तो एकदम रस्त्यावर उतरला होता. चौकशी झाली, पाचव्या दिवशी कागद आला, चालकाची चूक नाही. नवव्या दिवशी मी धाकट्याला पुन्हा ड्यूटीवर लावलं, तेही त्याच रूटवर. दोघे रजेवर होते, एक तापानं पडला होता, आणि माझ्या तक्त्यात एकही चौकट रिकामी राहून चालत नाही. धाकट्यानं तक्ता पाहिला.

"तोच रूट?"

"आठवडाभर सांभाळून घे रे."

"घेतो," तो म्हणाला.

त्याच्या दोनेक वर्षं आधी वरून हुकूम आला होता की प्रत्येक डेपोत एक समुपदेशक नेमावा. आमच्याकडे बाई आल्या, मंगळवार आणि शुक्रवार. पंचेचाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या, बसायची उशी घरून आणणाऱ्या. त्यांना खोली मिळाली ती बसमध्ये विसरलेल्या छत्र्या-पिशव्या ठेवायची, बरोबर माझ्या खिडकीसमोरची. दारावर 'मानसिक आरोग्य कक्ष' अशी पाटी, फाटकावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. डेपोनं त्यांचं नाव ठेवलं डोक्याची बाई. पहिल्या वर्षात त्या खोलीत दोनच माणसं गेली. एक टेस्टर, पंखा दुरुस्त करायला. दुसरा एक कंडक्टर, या कारणावर रजा मिळते का ते विचारायला.

धाकटा त्या दाराशी दोनदा आला. पहिल्यांदा पाटी वाचल्यासारखं करून गेला. दुसऱ्यांदा त्यानं हात कडीपर्यंत नेला होता. माझ्या खिडकीशी चारपाच जण उभे होते. मी आतून ओरडलो, "काय रे, स्क्रू ढिला झाला का?" सगळे हसले. धाकटाही हसला. "दादाला शोधत होतो," म्हणाला आणि निघून गेला.

अकराव्या दिवशी तो ड्यूटीवर आला नाही. दुपारपर्यंत आम्हाला कळलं की त्यानं स्वतःला संपवलं. कसं, ते मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनाही ते विसरता आलं तर बरं.

टेस्टर आठवड्यानं कामावर आला. जिन्यातला दिवा गेला होता, तो त्यानं बदलला. लोक त्याच्याशी काय बोलावं ते न कळून फक्त दिव्यापंख्याचं बोलत, आणि तो ते काम करून टाकी. दुपारी तो जेवायला कुठे बसे ते कुणाला दिसत नसे.

महिन्यानं तो माझ्या खिडकीशी आला. जेवणाची सुट्टी होती, बाकी कुणी नव्हतं.

"तो त्या दाराशी गेला होता का?" त्यानं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "दोनदा," मी म्हणालो.

"मग आत का नाही गेला?"

मी सांगितलं. जे बोललो होतो ते शब्दाला शब्द सांगितलं, कोण कोण हसलं तेही. तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता. मला वाटलं आता हा आत हात घालून माझी गचांडी धरील, आणि धरली असती तर मला बरंच वाटलं असतं.

"तुझ्या खिडकीतून ते दार रोज दिसतं?"

"रोज."

"म्हणजे तू नसतास तर दुसरा कोणी असता," तो म्हणाला. "दारच चुकीचं आहे." आणि गेला.

मला त्यानं माफ केलं असं मी कधीच समजलो नाही. त्यानं फक्त कामाचं ते उचललं.

आमच्या ऑफिसात तेव्हा नवी फोनयंत्रणा आली होती. कोण कुठून बोलतंय ते पडद्यावर दाखवणारी. जुना एक्स्चेंज, कपाटाएवढा लोखंडी डबा, भंगारात जायचा होता. टेस्टरनं तो मागून घेतला. साहेब म्हणाले, "वेळ तुझा, तार भंगारातली, मग माझं काय जातंय?" मग तो पुन्हा माझ्याकडे आला, या वेळी कागद घेऊन.

"माणूस एकटा गेला तरी 'का गेलास' असं कुणी विचारत नाही, अशा जागा सांग."

ते डेपोत माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. कोण कुठे रेंगाळतं यावर लक्ष ठेवण्यात माझी बावीस वर्षं गेलेली. मी सात जागा सांगितल्या. टायरचं गोदाम, गाड्या धुवायच्या शेडमागची खोली, बायकांच्या विश्रांतिगृहाचा कोपरा, स्टेशनरीची खोली, अशा. तिथे त्यानं आकडे नसलेले फोन लावले. उचलला की सरळ बाईंच्या घरी वाजायचा. बाईंना त्यानं आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मी दोन वर्षं रिकाम्या खोलीत बसले. तुम्ही सांगाल तिथे बसते." दारावरची पाटी त्यांनी स्वतः उतरवली.

रस्त्यावर असणाऱ्यांसाठी त्यानं एक मोबाइल नंबर घेतला आणि एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये अशी सोय केली की फोन करणाऱ्याचा नंबर वाटेतच गळून पडावा. हे तो कुठे शिकला ते मला माहीत नाही. संध्याकाळी जाड चष्मा लावून छापील कागद वाचत बसलेला दिसायचा. डब्यावर प्रत्येक लाइनीचा एक छोटा दिवा होता, कुठली लाइन चालू आहे ते दाखवणारा. ते सातही दिवे त्यानं काळ्या रंगानं बुजवले. "आता माझ्या बापालाही कळणार नाही," तो फाटकावरच्या सकाळच्या सभेत म्हणाला, आणि ते त्याचं पहिलं भाषण.

फोन उचलला की आधी त्याचाच आवाज यायचा. ते रेकॉर्डिंग करायला त्याला अकरा वेळा प्रयत्न करावा लागला. "बोला. कोण आहात ते सांगू नका. काय झालंय तेवढं सांगा." टेस्टर एवढं सलग बोलला हीच मोठी बातमी झाली. कंडक्टर लोक गर्दीच्या गाडीत ओरडायचे, "तिकीट घ्या, कोण आहात ते सांगू नका." पहिल्या महिन्यात बाईंना चार फोन आले, त्यातले तीन नुसते खिदळून ठेवलेले.

चौथा कुणाचा होता ते कुणालाच कळलं नाही. पण हळूहळू फोन येऊ लागले. कुणी दारूबद्दल बोललं, कुणी नवऱ्याबद्दल, कुणी नुसतं रडून ठेवून दिलं. बाई नावं विचारत नसत, काही लिहून ठेवत नसत. वर्ष संपता संपता आठवड्याला वीसपंचवीस फोन होते. नावं विचारत नसत हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण त्यातला एक फोन माझा होता.

स्टेशनरीच्या खोलीत, कार्बन पेपरच्या गठ्ठ्यांमागे उभं राहून मी बाईंना त्या विनोदाची गोष्ट सांगितली. त्यांनी आवाज ओळखला असणार, दर मंगळवारी-शुक्रवारी नमस्कार होत होता आमचा. पण त्यांनी ओळख दाखवली नाही. 'तुमची काही चूक नाही' असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ते दार तुम्हाला अजून रोज दिसतं?" मी हो म्हणालो. "मग टेबल फिरवून का नाही बसत?" एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी टेबल फिरवलं. त्यानंतरही मी बऱ्याचदा तो फोन उचलला, किती वेळा ते मी सांगणार नाही.

तिसऱ्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी साडेतीनला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बाई होत्या, मोबाइलवरून. आवाज ताणलेला.

"टेस्टर कुठे आहेत? त्यांना एक्स्चेंजच्या डब्यापाशी पाठवा. आत्ता."

आम्ही दोघे धावलो. बाई तिथल्या फोनवर आल्या. एक माणूस गेले काही आठवडे बोलत होता, त्या म्हणाल्या. आज त्यानं निरोप घेतल्यासारखं बोलून रिसीव्हर तसाच सोडला होता. लाइन चालू होती, पण हाकेला उत्तर नव्हतं.

"कुठून बोलतोय ते तुम्हाला बघता येईल ना?"

टेस्टरनं काळ्या दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी शब्द दिलाय सगळ्यांना."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तरी विचारतेय."

हे सगळं मिळून अर्धं मिनिट झालं असेल. मी काही बोललो नाही. एकदा बोलून झालं होतं माझं. मग त्यानं खिशातला टेस्टर काढला आणि त्याच्या टोकानं दिव्यांवरचा रंग खरवडायला सुरुवात केली. पहिला बंद. दुसरा बंद. पाचवा लागलेला होता. टायरचं गोदाम.

दाराला आतून कडी होती. टेस्टर दाराशी तोंड नेऊन म्हणाला, "नुसती कडी काढा. मग पुन्हा बसा हवं तर." उत्तर आलं नाही तेव्हा फिटर लोकांना बोलावून दार मोडावं लागलं. आत भिंतीला टेकून आमचे मास्तर बसले होते, शुद्धीवर, पण जेमतेम. मास्तर म्हणजे नव्या ड्रायव्हरांना शिकवणारे. सव्वीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही म्हणून त्यांचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावलेला. निम्म्या डेपोला स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलं होतं. धाकट्यालाही.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा शिफ्ट बदलत होती. सगळ्या डेपोनं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात आणलंत म्हणून वाचले. आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक माणसाला कळलं होतं की त्या फोनवर कोण बोलतंय ते बघता येतं.

दुसऱ्या दिवशी टेस्टर सकाळच्या सभेत पुढे आला. म्हणाला, "रंग मी खरवडला. बाईंनी विचारलं, पण हात माझा. आता पुन्हा रंगवलाय."

एका कंडक्टर बाईनं मागून विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बघाल?"

नाही म्हणाला असता तर सगळं होतं तसं चालू राहिलं असतं. लोकांना तेच ऐकायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण बाबा नाही.

"हो," टेस्टर म्हणाला.

त्या दिवसापासून फोन बंद पडला. तारा शाबूत, आवाज स्वच्छ, पण उचलायला कुणी नाही. बाई रोज ठरल्या वेळी बसत. आठवडाभरात एखादा फोन येई, तोही श्वास ऐकू येईल इतकाच.

मास्तर दोन महिन्यांनी परत आले. साहेबांनी त्यांना गाड्यांच्या किल्ल्या द्यायचं हलकं काम दिलं. भिंतीवरचा फोटो कुणी काढला नाही, पण ते जवळ आले की माणसं आवाज खाली करत. ज्यांना त्यांनी दरडावून क्लच शिकवला ती पोरं त्यांच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलू लागली. एक दिवस ते वायरमनच्या खोलीत आले. मी तिथे बल्बांची सही घ्यायला गेलो होतो.

"तू आला नसतास तर मी नसतो," मास्तर म्हणाले. "ते मला कळतं. पण तू आलास म्हणून आता मला इथे राहता येत नाही. हेही तुला कळलं पाहिजे."

"कळतं," टेस्टर म्हणाला.

"मी तुझे आभार मानणार नाही."

"नका मानू."

त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि लेकीकडे, दूरच्या गावी निघून गेले.

फोन गप्प होता त्या सात महिन्यांत आमच्या धुलाईच्या शेडमधला एक माणूस गेला. स्वतःच्या हातानं. दोन मुलं होती. त्याच्या कामाच्या जागेपासून फोन बारा पावलांवर होता. त्यानं कधी उचलला होता की नाही ते कुणी सांगू शकत नाही. टेस्टरनं ती बारा पावलं मोजली होती, म्हणून मला आकडा माहीत आहे. त्या दिवसांत तो फार खंगला. वहिनी दुपारी स्वतः डबा घेऊन यायची आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहायची. तिलाही आता एका कंपनीत नोकरी होती, तरी यायची.

वाट बाईंनीच काढली. म्हणाल्या, "आपण अर्धंच सांगत होतो. पूर्ण सांगू या." टेस्टरनं नवं रेकॉर्डिंग केलं. या वेळी एकाच दमात झालं. "बोला. कोण आहात ते सांगू नका. आम्ही बघणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मात्र शोधत येऊ. हे आधीच सांगतोय." सभेत कुणीतरी कुरकुरलं की असं सांगितल्यावर कोण बोलणार. बरेच जण बोललेच नाहीत. पण काही बोलले. एका बाईनं म्हणे फोन उचलल्याबरोबर सांगितलं, शोधत येता म्हणून केलाय. फोन पूर्वीइतके कधी झाले नाहीत. निम्म्यावर येऊन थांबले.

पुढे वरच्या ऑफिसनं तीच सोय मोबाइलवर करून सगळ्या डेपोंना दिली. त्यात आवाज एका शिकलेल्या मुलीचा आहे, गोड आहे, पण ते आधी-सांगतोय वाक्य तसंच ठेवलंय. उद्घाटनाला टेस्टरला बोलावलं होतं. तो गेला नाही. पंप रूमची मोटर जळाली होती.

मी त्याला एकदा विचारलं होतं, तू स्वतः कधी तो फोन उचललास का. तो म्हणाला, "काय सांगू? त्याला परत बोलावता येत नाही." मग म्हणाला, "तुला उपयोग झाला ना?" मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो. त्यानं मान हलवली आणि पुढच्या दिव्याची शिडी उचलली.

निवृत्तीनंतर तो वहिनीच्या शेजारच्या खोलीत राहायला गेला. रविवारी मी जायचो. एका रविवारी आम्ही बसलो असताना एक बाई पत्ता शोधत आली. चाळिशीची, हातात प्रवासाची बॅग. मास्तरांची लेक. मास्तर गेल्याचं सांगायला आली होती. छातीच्या दुखण्यानं, हॉस्पिटलात, सगळी जवळ असताना.

वहिनीनं तिला चहा दिला. ती सांगत राहिली. मास्तर तिच्याकडे सहा वर्षं होते. सुरुवातीचं एक वर्ष खोलीबाहेर येत नव्हते. मग नातीला शाळेत सोडायला जाऊ लागले. मग ती मोठी झाल्यावर तिला गाडी शिकवली, फार ओरडून शिकवली. मुलगी रडत घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

टेस्टर ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणायचे का?"

खोटं बोलावं का असा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसला मला. "नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. मला तुमचं नाव एका डॉक्टरच्या कागदावर सापडलं."

"बरं," टेस्टर म्हणाला.

तिची गाडी सुटायला तासभर होता. तो उठला, चपला घातल्या आणि तिला स्टँडपर्यंत सोडायला गेला. वाटेत तिनं बॅग त्याच्या हातात द्यायला नकार दिला, तरी त्यानं घेतली. मी दारातून बघत होतो. ती बोलत होती आणि तो तिच्या बाजूला कान करून, वाकून चालत होता.